दाव्यासकट

१

विजयसिंहाच्या घरी जनावर आलं की ते दाव्यासकट यायचं. एवढं आधी सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात राम नाही.

आपल्याकडं रीत काय, तर गाय विका, म्हैस विका, शेळी विका, विकणारा जनावर देतो आणि दावं स्वतःकडं ठेवतो. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं. जुनं सोडायचं, नवं बांधायचं, आणि जुनं विकणाऱ्यानं घरी नेऊन खुंटीला अडकवायचं. त्यानं गोठ्याची बरकत जात नाही म्हणतात. खरंखोटं देवाला ठाऊक. पण केजच्या बाजारात शिंगाच्या वळणावरून हमरीतुमरीवर येणारी माणसंसुद्धा दाव्यावरून कधी भांडत नाहीत.

विजयसिंहही भांडत नव्हता. सरळ न्यायचा. युसूफ वडगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला त्याचीच जमीन, दारात दोन गाड्या, पंचायत समिती करून झालेली आणि आता जिल्हा परिषदेचे डोहाळे लागलेले. अडलेला माणूस जनावर घेऊन दारात आला की हा दाव्याचं टोक आपल्या मुठीत घ्यायचा आणि म्हणायचा, "राहू दे की. सोडायची कशाला तकलीप?"

मागच्या उन्हाळ्यात केसरबाई नावाच्या म्हातारीनं म्हैस दिली, तेव्हा ती ओट्याच्या पायरीवर बसूनच राहिली. "भैय्या, म्हस न्या, पर दावं द्या ओ माघारी. मालकाच्या हातचं हाय, त्यांनीच वळलेलं."

विजयसिंह चहा पीत होता. बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "म्हस न्हाई, मग दावं घिऊन काय सुनंला बांधतीस का?"

ओट्यावरची माणसं खो-खो हसली. हसणारच, त्यांचा चहा त्याच्याच घरचा होता. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.

गोठ्याच्या भिंतीला अशी दावी ओळीनं टांगलेली होती. काही नवी, काही कुजत आलेली. सकाळी तोंड धुतलं की कप हातात घेऊन त्या भिंतीपुढं उभं राहायचं, हा त्याचा नेम. कुणी देवापुढं उभं राहतं, हा दाव्यांपुढं. माणसाची एकेक तऱ्हा असते बाबा.

२

अशा माणसाला परदेशी कुत्र्याचा नाद लागला तो बंकटरावामुळं. शेजारच्या गावच्या बंकटरावानं मारवाडी घोडी आणली आणि लग्नात, मिरवणुकीत जिकडं तिकडं घोडीचंच नाव निघायला लागलं. झालं, विजयसिंहाच्या पोटात दुखायला लागलं. त्यात भर पडली तेजश्रीची.

तेजश्री त्याची एकुलती एक लेक, नऊ वर्षांची. लग्नाला बरीच वर्षं होऊन, नवससायास करून झालेली. या माणसाला जगात कुणाची कणव आली असं कुणी बघितलेलं नाही, पण पोरीपुढं तो लोण्याहून मऊ. पोरगी जेवायच्या बाबतीत भारी नखऱ्याची. शाळेतून आली की बापानं जवळ घ्यायचं, पहिला घास बापानं भरवायचा, तेव्हा कुठं ताट पुढं ओढायची. बाहेर ओट्यावर माणसं खोळंबलेली असायची आणि हा आत दूधभाकरी कुस्करत "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" करत बसलेला असायचा. पोरीला जरा ताप आला तरी याच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही.

त्या पोरीनं मोबाइलवर कुठल्याशा डोंगरातली कुत्री बघितली. राखाडी, केसाळ, अस्वलाच्या अंगाची. जातीचं नाव असं की जिभेला गाठ पडावी. जगात मोजक्याच घरी पैदास होते, असं खाली लिहिलेलं. पोरगी म्हणाली, "पप्पा, मला हेच पाहिजे." विजयसिंहाला वाटलं, वा! घोडी काय, कुणीबी आणतं.

मुंबईच्या एका ओळखीच्या माणसानं जुळवून दिलं. युरोपातल्या एका डोंगरात एक म्हातारी ही कुत्री पाळायची. व्हिडिओ कॉल झाला. म्हातारीला तिची भाषा सोडून काही येत नव्हतं. तिचा नातू इंग्रजीत सांगायचा आणि इकडं विजयसिंहाची बायको सत्यशीला, अंबाजोगाईला बी.ए. झालेली, ती मराठीत सांगायची. म्हातारीनं पिल्लू दाखवलं. मग त्याच्या गळ्यातला पट्टा दोन बोटांनी उचलून दाखवला आणि बराच वेळ बोलली.

"काय म्हणती?" विजयसिंहानं विचारलं.

"म्हणतायत, वाटंत पट्टा गळ्यात राहू द्या. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे तो काढा, तुमचा घाला, आणि त्यांचा त्यांना माघारी पाठवा. खर्च त्या देणार म्हणतायत."

विजयसिंह मांडीवर थाप मारून हसला. "बघ! म्हातारी हिकडची काय अन् तिकडची काय, समद्यांचा जीव दाव्यात! सांग, पाठवतो म्हणावं."

सत्यशीलानं सांगितलं. म्हातारी हसली नाही. तिनं नातवाकडून तेच पुन्हा विचारून घेतलं. शेवटी विजयसिंहानं मोबाइलपुढं तोंड नेलं, छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली. खोटं बोलायला त्याला भाषा लागत नव्हती.

३

दिवाळी होऊन थंडी पडल्यावर पिल्लू आलं. मुंबईहून जीपनं, भर दुपारी. अर्धं गाव बघायला जमलेलं. विजयसिंहाची आई तुळजाबाई हिनं पिल्लावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि बडबडली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." पण पिल्लू होतंच तसं गोजिरवाणं. तेजश्रीनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, ढग्या.

"विजू, दावं सोड त्याचं आधी," तुळजाबाई म्हणाली. "कबूल केलंयस ना त्या बाईला?"

"आई, आपल्याकडं जनावर कसं येतं?"

"ती आपली मानसं हुती. रडून गप बसली. ही कोन, कुठली, तुला ठावं हाय का?"

"तू गप बस."

पट्टा बघण्यासारखा होता, हे खरं. काळं जुनं कातडं, रुंद, आणि गळपट्ट्यालाच शिवलेली लांब वादी. वादीच्या टोकाला हात घालायला फासा. तो धरून धरून गुळगुळीत झालेला. विजयसिंहानं त्यात हात घातला आणि लगेच काढून धोतराला पुसला. फासा ओलसर होता, कोमट ओलसर, कुणाचा तरी घामेजला हात आत्ताच त्यातून निघावा तसा. वाटेत ड्रायव्हरनं धरला असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. पिल्लू तर सबंध वाट पिंजऱ्यात आलं होतं.

मग तेजश्रीनं दुधाची वाटी आणून ठेवली. पिल्लू वाटीपुढं बसलं. वास घेतला नाही, जीभ काढली नाही. त्यानं मान वर केली आणि दाराच्या कोपऱ्याकडं, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर बघत राहिलं. तिथं कुणी नव्हतं. सगळी माणसं दुसऱ्या बाजूला. असा काही वेळ गेला. मग कुणी हो म्हणावं तसं त्यानं कान हलवले आणि दूध प्यायला लागलं.

"याला म्हनत्यात ट्रेनिंग!" विजयसिंह गर्दीला म्हणाला. "न्हाई तर आपली बेणी. ताटात तोंड घालायला धन्याची वाट कोन बघतंय?"

४

ढग्याला फिरवून आणायचं काम बजरंगच्या गळ्यात पडलं. बजरंग धनगर. खतासाठी त्याच्या मेंढ्या विजयसिंहाच्या रानात बसवलेल्या होत्या. तोंडाचा फटकळ, हसरा गडी. चार-सहा दिवस त्यानं नेलं-आणलं. मग एका दुपारी विजयसिंह ओट्यावर बसलेला असताना तो रस्त्यानं येताना दिसला, आणि विजयसिंहाला आधी हसूच आलं.

बजरंगचा उजवा हात पुढं ताठ झालेला. हात धरून पोराला शाळेत ओढत नेतात तसा तो झपाझप चालत होता. आणि ढग्या पुढं नव्हता. ढग्या त्याच्या मागं, टाचेला लागून, शहाण्यासारखा दुडकत येत होता. वादी मधे सैल लोंबत होती. बजरंग फाटकात आला, हाताला झटका देऊन त्यानं फासा सोडवला आणि मनगट चोळत उभा राहिला. मनगटावर लाल वळ उठला होता.

"काय बे, भर दुपारीच टाकलीस का?"

"माळकरी हाय मी, मालक." बजरंगच्या तोंडावर हसू नव्हतं. "कुत्रं माज्या मागं हुतं. तुमी बी बगितलं. मंग मला फुडं कोन वढत हुतं?"

"उतार हाय तिथं रस्त्याला."

"उतार? मालक, मी जल्मलो त्या रस्त्यावर. ही मेंढरं घिऊन चाललो मी. आपल्याला न्हाई जमायचं."

"आन् खताचं?"

"दुसऱ्याच्या मेंढ्या बसवा."

त्याच दिवशी त्यानं बिऱ्हाड हलवलं. विजयसिंहानं चार माणसांत त्याला दारुडा ठरवला. पण जेवण झाल्यावर तो एकटाच रस्त्यावर जाऊन उभा राहिला. रस्ता सपाट होता. त्यानं एक गोटा ठेवून बघितला, तो जागचा हलला नाही. तरी त्याचं मन म्हणालं, धनगराची जात भित्री, रानात राहून डोकं फिरतं त्यांचं. मनाला काय, पढवाल तसं बोलतं.

५

बजरंग गेल्यावर वादी तेजश्रीच्या हातात आली. अंगणात, गोठ्यापर्यंत, चिंचेखाली, पोरगी आणि पिल्लू दिवसभर एकत्र. आणि पोरगी सुधारली. म्हणजे तुळजाबाईला तसं वाटलं. हाक मारली की लगेच उठायची, सांगितलं की बसायची, उड्या नाहीत, ओरडणं नाही. जेवणाचा नखरा तर पारच गेला. बापाची वाट न बघता एकटी बसून ताट स्वच्छ करायला लागली. विजयसिंहाला मनातून लागलं. पोरीनं आपल्या हातचा घास सोडला, ही गोष्ट तो कुणाला बोलला नाही, पण बाहेर गड्यांवर उगाच खेकसायला लागला.

सत्यशीलाचं मात्र लक्ष होतं. ती आई होती. एकदा तिनं नवऱ्याला दुपारी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं. "काही बोलू नका. नुस्तं बघा."

तेजश्री ताटापुढं बसली होती. वरण, भात, शेंगदाण्याची चटणी, तिच्या आवडीचं. शेजारी ढग्या, त्याच्यापुढं वाटी. पोरीचे हात मांडीवर. दोघांच्या माना वर, दाराच्या कोपऱ्याकडं वळलेल्या, एकाच ठिकाणी. भात निवत होता. मग दोघं एकाच वेळी खाली वाकली आणि खायला लागली.

"खेळ असंल त्यांचा," विजयसिंह पुटपुटला. त्याला स्वतःचाच आवाज आवडला नाही. तो आत गेला, पोरीशेजारी बसला, तिच्या ताटातला भात कालवून घास केला. "ये गं माझी चिमणी. एक घास चिऊचा."

तेजश्रीनं तोंड उघडलं नाही. ती रागावलेली नव्हती, हसतही नव्हती. बापाच्या खांद्यावरून मागं बघत राहिली. त्याचा हात हवेत तसाच. बोटांवरून वरणाचा ओघळ मनगटापर्यंत आला, तेव्हा तिनं घास घेतला.

विजयसिंहानं मागं वळून बघितलं. ज्वारीचं पोतं होतं, भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं.

"कुणाला बघतीस गं?"

"कुणाला न्हाई."

"मग थांबलीस कावून?"

पोरीनं बापाकडं असं बघितलं, जणू एवढंही याला कळत नाही. "अजून खा म्हणलं नव्हतं ना."

६

"ती म्हातारी सारखी फोन करतीय," सत्यशीला म्हणाली. "एकच विचारती, पट्टा काढला का. अहो, पाठवून द्या ना! काय करायचंय आपल्याला तो तुकडा? हात जोडते तुमच्यापुढं."

आता गुमान पाठवला असता तर? पण सरळ चालला तर तो विजयसिंह कसला. बायको हात जोडती, आई बोलती, धनगर भिऊन पळतो, आणि एक म्हातारी सातासमुद्रापलीकडं बसून आपल्या घरात हुकूम सोडती! त्याच्या डोक्यात तिडीक गेली. अंगणात जाऊन त्यानं ढग्याची मान दोन गुडघ्यांत दाबली, पट्टा उपसून काढला आणि केजहून आणलेली लोखंडी साखळी गळ्यात अडकवली.

"झालं समाधान? काढला पट्टा. पाठवनार मातर न्हाई. घेतलं ते माझं."

गोठ्यात जाऊन दाव्यांच्या ओळीत शेवटच्या खुंटीला त्यानं तो लटकावला. त्या दुपारपासून ढग्यानं खाल्लं नाही.

दूध ठेवलं, अंडी ठेवली, मटण शिजवून ठेवलं. पिल्लू वाटीपुढं बसायचं, मान वर करायचं आणि थांबायचं. उठायचं नाही, झोपायचं नाही. तोंडातून लाळेची धार खाली टपकायची, एवढी भूक. आधी विजयसिंहानं चुचकारलं, मग शिव्या घातल्या, मग काठी घेतली. काठी पाठीत बसली की पिल्लू कळवळून ओरडायचं आणि पुन्हा मान वर करून तिथंच बघायचं. एकदा त्यानं पिल्लाचा जबडा फाकवला, मटण आत कोंबलं आणि तोंड हातानं आवळून धरलं. हात काढला तेव्हा मटण जिभेवर तसंच होतं. पिल्लानं ते टाकलंही नाही, गिळलंही नाही. जनावरांचा डॉक्टर आला, सलाईन लावून गेला, म्हणाला की हवा मानवली नसेल.

"परत घाला तो पट्टा," सत्यशीला रडून म्हणाली. "मुकं लेकरू हाय ते."

"मी माझ्या हातानं काढलाय. आता कुत्र्यापुढं हार खाऊ?"

खाल्ली नाही त्यानं हार. पिल्लू मेलं. भरल्या वाटीपुढं बसल्या बसल्याच गेलं, मान तशीच वर वळलेली. गड्यांनी उचललं तेव्हा हाडं हाताला लागत होती. उकिरड्याच्या पलीकडं खड्डा काढून पुरलं. बंकटरावाच्या गावात दोन दिवस हसले लोक. विजयसिंहाला त्याचंच जास्त लागलं.

तेजश्री रडली नाही. खड्ड्यावर माती लोटेपर्यंत ती शहाण्यासारखी उभी होती. मग हातपाय धुऊन जेवायला बसली, मांडीवर हात ठेवले आणि मान वर केली.

७

पहिल्या दिवशी वाटलं, दुःख झालंय लेकराला. दुसऱ्या दिवशी तुळजाबाईनं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. तिसऱ्या दिवशी विजयसिंहानं पोरीला गाडीत घातलं आणि अंबाजोगाईला नेलं. तिथं सगळ्या तपासण्या झाल्या. घसा चांगला, पोट चांगलं, रक्त चांगलं. सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई खाटेवर बसून मायेनं बोलली, "भूक लागली का बाळा?"

"लई लागली," तेजश्री म्हणाली.

"मग हे बिस्कीट खा बरं."

पोरीनं बिस्कीट हातात घेतलं, वॉर्डच्या दाराकडं बघितलं आणि थांबली. संध्याकाळपर्यंत बिस्किटाचा हातात चुरा झाला. बाईंनी नंतर विजयसिंहाला बाजूला घेऊन सांगितलं की नाकातून नळी घालून बघू, वेळ लागेल, धीर धरा. नळी घातली, आत गेलेलं सगळं बाहेर आलं. पोरीची हनुवटी टोकदार दिसायला लागली. सलाईनच्या सुईपाशी हात काळानिळा पडला. विजयसिंह वॉर्डच्या बाहेर भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं उभं बघितलं नव्हतं. आत परत आला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "लाव फोन त्या बाईला."

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभं राहून सत्यशीलानं फोन लावला. म्हातारी समोर आली. मागं तिचं घर, बर्फ, नातू खांद्याशी.

"सांग, कुत्रं मेलं म्हण. पट्टा आजच पाठवतो म्हण. चुकलं म्हण माझं." हा शब्द त्याच्या तोंडून बायकोनं पहिल्यांदाच ऐकला.

सत्यशीलानं सांगितलं. नातवानं म्हातारीला सांगितलं. मग तिनं एकच वाक्य विचारलं. नातवानं ते इंग्रजीत सांगितलं आणि सत्यशीलानं वळून वॉर्डच्या खिडकीकडं बघितलं.

"काय? काय म्हणली?"

"विचारतायत," सत्यशीला म्हणाली. "विचारतायत, मग आता कोण जेवत न्हाई?"

पोरीचं त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

विजयसिंहानं मोबाइल हिसकावून घेतला. "माझी पोरगी!" तो मराठीतच ओरडला, आवारातली माणसं वळून बघायला लागली. "माझी एकुलती एक पोरगी हाय! काय करू ते सांग, आज्जी! पाया पडतो तुझ्या!" त्याला भाषा कळत नव्हती, पण म्हातारीला कळलं. तिनं तोंडावर पदरासारखं काहीतरी ओढून घेतलं. नातू घाईघाईनं दोन शब्द बोलला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही. पुन्हा कधीच लागला नाही.

"आता पाठवू नका," सत्यशीला म्हणाली. "एवढंच म्हणला तो. आता पाठवू नका."

८

डॉक्टर नको नको म्हणत असताना त्यानं सही करून पोरीला घरी आणलं. उचलून आणताना तिचं वजन हाताला लागलं नाही. दुपारची वेळ होती. स्वयंपाकघरात तुळजाबाईनं दूधभाकरी कुस्करून ठेवली. पोरीला भिंतीला टेकवून बसवलं, तर तिनं पाठ सरळ केली, हात मांडीवर घेतले आणि मान वर केली. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ती बघितली आणि विजयसिंहाला पिल्लू आठवलं, आणि तो उठून गोठ्यात गेला.

पट्टा घेऊन आला तेव्हा तुळजाबाई दारात आडवी आली. "आरं, लेकीच्या गळ्यात दावं घालतूस? मानूस हाईस का कोन तू?"

"मग मरू देऊ?" तो ओरडला. "सांग ना, मरू देऊ? तू खाऊ घाल तिला! घाल! न्हाई घालता येत ना कुणाला?"

तुळजाबाई बाजूला झाली. विजयसिंह पोरीपुढं बसला. पट्ट्याचं बक्कल लागेना, पोरीची वेणी मधे येत होती. तेव्हा सत्यशीला पुढं झाली. दोन्ही हातांनी तिनं लेकीची वेणी वर उचलून धरली, मान मोकळी केली आणि डोळे मिटून घेतले. पिल्लाच्या गळ्यात नीट बसणारा पट्टा पोरीच्या गळ्यातही नीट बसला.

वादीचा फासा विजयसिंहाच्या मुठीत होता. कोमट होता, ओला होता.

तेजश्रीनं दाराच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान आलं आणि तिनं ताटात हात घातला. सत्यशीलानं हुंदका दिला. विजयसिंह हसला, रडला, "खा गं बाई, खा माझी चिमणी," म्हणाला. पोरीनं घास तोंडाजवळ नेला, आणि त्याच वेळी त्याच्या मुठीला मागून ओढ लागली.

जोराची नव्हती. पोराच्या हातातली सुरी मोठ्या माणसानं काढून घ्यावी, तशी सावकाश आणि समजुतीची. त्याची मूठ आपोआप आवळली. पोरीचा घास तोंडापाशी थांबला. बोटांतून दूध गळायला लागलं. तिनं वर बघितलं, थांबली. त्यानं मूठ जराशी ढिली केली, तर घास ओठांना लागला. पुन्हा आवळली, पुन्हा थांबला.

त्याला कळलं. आयुष्यात ज्यानं हातात आलेलं एकही टोक कधी सोडलं नव्हतं, त्या माणसानं पोरीचा आवंढा गिळणारा गळा बघितला, आणि मूठ उघडली.

वादी खाली पडली नाही.

तेजश्री खायला लागली. सगळं खाल्लं, ताट बोटांनी पुसून खाल्लं. खाताना तिच्या डोक्यावरचे केस दोनदा आपोआप चप्प झाले, कपाळापासून मागं, कुणी तळहात फिरवावा तसे. ते सत्यशीलानं बघितलं. तुळजाबाईनं बघितलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

ताट संपलं. सत्यशीला गुडघ्यांवर सरकत लेकीपुढं आली. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण हात पुढं झाले नाहीत. ती फक्त म्हणाली, "तेजू, पोट भरलं का गं, बाई?"

तेजश्रीनं आईचं बोलणं ऐकलं. तिच्या डोळ्यांत ओळख होती, माया होती, काहीतरी बोलायला तिचे ओठ हललेही. पण ती बोलली नाही. आईच्या खांद्यावरून तिनं दाराच्या कोपऱ्याकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

मग विजयसिंहानं, सत्यशीलानं आणि तुळजाबाईनंही तिकडं तोंड वळवलं, आणि पोरीला बोलू द्यावं म्हणून तिघं वाट बघत बसले.